घरपट्टी भिंती मोजते, खिसा नाही; हातावर पोट असणाऱ्याने सवलत मागायची कुठे?

मार्च महिना लागला की गावोगावी ग्रामपंचायतीच्या वसुलीला जोर येतो. घंटागाडीच्या भोंग्यावरून थकबाकीदारांना आवाहन सुरू होतं, शिपाई बिलं घेऊन दारोदार फिरतो आणि ज्यांची बाकी मोठी त्यांच्या हातात नोटीस पडते. नोकरदाराला पगार झाला की पट्टी भरता येते. पण घरात शिलाई मशीन चालवणारी बाई, स्टँडवर वडापावची गाडी लावणारा, केशकर्तनालय चालवणारा, पंक्चर काढणारा, गवंडी यांची कमाई रोजची. चार दिवस काम मिळालं, चार दिवस नाही. अशांचा एकच प्रश्न असतो. कमाई कमी आहे, तर पट्टी कमी होते का?

सरळ उत्तर असं की, कमाई कमी आहे एवढ्या कारणावर घरपट्टी कमी होत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली ही पट्टी बसते. डिसेंबर 2015 मध्ये नियम बदलले, तेव्हापासून ती भांडवली मूल्यावर काढली जाते. जागेचा दर, बांधकामाचा दर, घर किती जुनं आणि त्याचा वापर कशासाठी, एवढंच त्यात पाहिलं जातं. घरातल्या माणसाने वर्षभरात किती मिळवलं, हा रकानाच त्या हिशेबात नाही. ज्या सवलती आहेत त्यासुद्धा माणूस कोण आहे यावर आहेत. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना 2020 पासून घरपट्टी माफ आहे. गरीब कारागिराला तशी माफी नाही.

ब्रिटनमधली पद्धत याहून वेगळी आहे. तिथल्या स्थानिक कौन्सिलचा घरावरचा कर कमी उत्पन्न असलेल्याला अर्ज करून कमी करून घेता येतो. इंग्लंडमध्ये एप्रिल 2013 पासून प्रत्येक कौन्सिलने कमावत्या वयाच्या लोकांसाठी स्वतःचे नियम केलेत. पण स्वतःचा धंदा करणारा तिथंही अडकतो. धंद्याला वर्ष झालं की अनेक कौन्सिल त्याचं उत्पन्न किमान वेतनाइतकं आहे असं धरूनच चालतात, मग खरी कमाई त्याहून कमी का असेना. म्हणजे महिन्याला ठरलेला पगार नसलेला माणूस कुठल्याच कार्यालयाच्या रकान्यात नीट बसत नाही.

पहिलं काम: नमुना 8 तपासा

आपल्याकडे कमाई पाहत नसले, तरी वापर पाहतात, आणि छोट्या धंदेवाल्याला फटका बसतो तो इथेच. राहत्या घरासाठी भारांक 1 आहे, वाणिज्य वापरासाठी 1.25. समजा, राहतं घर म्हणून इमारतीची पट्टी 1,200 रुपये होत असेल, तर तीच इमारत वाणिज्य म्हणून नोंदली की 1,500 होते. पुढच्या एका खोलीत किराणा किंवा शिलाईचं दुकान असताना अख्खं घर वाणिज्य म्हणून चढलेलं असेल, तर दरवर्षी जादा पैसे जातात. धंदा बंद पडून चार वर्षं झाली तरी वहीत दुकान तसंच राहिलेलं असू शकतं. पत्र्याचं किंवा मातीचं घर पक्कं म्हणून लागलेलं असेल, तरीही आकारणी वाढते.

म्हणून आधी नमुना 8 चा उतारा काढावा. ही कर आकारणीची नोंदवही. लोकसेवा हक्क कायद्याखाली हा उतारा ठरलेल्या मुदतीत द्यावाच लागतो आणि ‘आपले सरकार’वरूनही अर्ज करता येतो. लांबी-रुंदी, बांधकामाचा प्रकार, वापर, या तीन गोष्टी घराशी ताडून पाहाव्यात. चूक दिसली तर ग्रामपंचायतीकडे लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. नवीन आकारणी चार वर्षांतून एकदा होते. तेव्हा यादी लागते आणि हरकती मागवल्या जातात. तो काळ चुकवू नये. ग्रामपंचायतीने ऐकलं नाही तर अपील पंचायत समितीकडे आहे. त्याला मुदत असते, त्यामुळे बिल हातात पडल्याबरोबर हालचाल करावी.

थकबाकीतली सवलत कोणाच्या पदरात?

नोव्हेंबर 2025 मध्ये ग्रामविकास विभागाने मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात थकीत पट्टीवर 50 टक्के सवलतीचा निर्णय काढला. ऐकायला मोठा दिलासा. पण अटी बघा. सवलत 1 एप्रिल 2025 आधीच्या बाकीवर होती. चालू वर्षाची पट्टी पूर्ण भरायची आणि उरलेली निम्मी बाकी एकरकमी भरायची होती. सवलत राहत्या घरांना होती, धंद्याच्या जागेला नव्हती. आणि निर्णय ग्रामसभेच्या हातात होता.

उदाहरणाने बघू. जुनी बाकी 6,000 आणि चालू पट्टी 1,500. सवलत धरून 4,500 रुपये एकदम काढावे लागत होते. ज्याच्याकडे पैसे होते पण भरले नव्हते, त्याचे 3,000 वाचले. ज्याच्या हातात एका वेळी 500 रुपयेच येतात, त्याच्यासाठी ही सवलत कागदावरच राहिली. घर वाणिज्य म्हणून लागलेलं असेल तर तो मुळातच बाहेर. म्हणजे नमुना 8 मधली एक चुकीची नोंद सवलतीचं दारही बंद करू शकते.

वेळेत भरणाऱ्याला 30 सप्टेंबरच्या आत 5 टक्के सूट मिळते आणि 31 मार्च उलटला की 5 टक्के दंड लागतो. इथेही फायदा त्यालाच, ज्याच्या हातात पैसा आधी येतो.

ग्रामपंचायतीचीही अडचण आहे

पट्टी माफ करा म्हणणं सोपं आहे. पण पाणीपुरवठ्याचं वीजबिल, दिवाबत्ती, शिपाई आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार यांना ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न लागतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, आणि पगाराला तो निधी वापरताच येत नव्हता. वसुली थांबली की मोटार बंद पडते आणि हंडा घेऊन बाहेर पडावं लागतं ते गरिबाच्याच घरच्यांना.

त्यामुळे खरा प्रश्न माफीचा कमी आणि हप्त्यांचा जास्त आहे. वर्षाला 1,500 रुपये हा आकडा बहुतेकांना झेपतो. एकाच दिवशी 1,500 झेपत नाहीत. दुधाचे पैसे येतात, ऊसतोडीची उचल मिळते, लग्नसराईत शिलाईचं काम वाढतं, तेव्हा पट्टी सुटू शकते. बिल मात्र ठरलेल्या वेळी येतं आणि वसुलीची मोहीम मार्चमध्ये निघते.

आज काय करता येईल

जमेल तेवढी रक्कम थोडी थोडी भरायला सुरुवात करावी. रक्कम कितीही लहान असो, नमुना 10 ची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पावती नसेल तर वहीत बाकी तशीच राहते.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नये. ग्रामपंचायती थकबाकीची प्रकरणं तिथं दाखलपूर्व म्हणून ठेवतात. तडजोड दोघांच्या संमतीने होते, त्यामुळे हप्ते मागण्याची ती चांगली जागा आहे. मात्र एकदा सही झाली की त्यावर अपील नाही. जेवढं झेपेल तेवढंच कबूल करावं. उलट बिलाकडे दुर्लक्ष केलं तर कायद्यात पुढची पायरी मागणीपत्राची आणि त्यानंतर जप्तीची आहे.

घरात दिव्यांग व्यक्ती धंदा करत असेल, तर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखीव असतात. त्यातून मदतीसाठी वेगळा अर्ज द्यावा. पट्टी माफ झाली नाही तरी हातभार लागतो.

आणि शेवटचं दार ग्रामसभेचं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या सभांना छोटे धंदेवाले फारसे फिरकत नाहीत, कारण त्या दिवशीही गाडी लावायची असते. पण घरपट्टी तीन-चार हप्त्यांत घ्यावी, हप्ते गावच्या हंगामाप्रमाणे ठेवावेत, घरातल्या एका खोलीच्या धंद्यासाठी अख्ख्या घराला वाणिज्य दर लावू नये, या मागण्या मांडून ठराव मागायची जागा तीच आहे. दहा-बारा जण नमुना 8 चे उतारे हातात घेऊन सभेला उभे राहिले, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आणि सरपंचाला उत्तर द्यावंच लागेल.