गाडीतील बदल आणि दंड : गॅरेजचालक व अ‍ॅक्सेसरीज विक्रेत्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

विषय : मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ आणि १८२-अ खाली होणारी कारवाई

महोदय,

बदल केलेली गाडी रस्त्यावर अडवली की पावती फाटते ती मालकाच्या नावाने. बदल करणारा गॅरेजवाला आणि सुटा भाग विकणारा दुकानदार त्या पावतीवर कुठेच नसतात. आम्ही तेच गॅरेजवाले आणि तेच दुकानदार. दंड आम्हाला बसत नाही, तर मग तक्रार कसली, असे कोणी विचारील. दंड भरलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन उभे राहते आणि पैसे परत मागते. त्याआधी माल घेताना त्याने विचारलेलेच असते, ‘हे चालतं ना?’ या साध्या प्रश्नाला देण्यासारखा एकही सरकारी कागद आमच्याकडे नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी मांडतो, कारण बाजारात त्याविषयी अफवाच जास्त. निर्मात्याने मूळ ठरवलेला तपशील आणि आरसी बुकातली नोंद यांत फरक पडेल असा बदल कलम ५२ नुसार करता येत नाही. केरळमधून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच ठामपणे सांगितले. निर्मात्याच्या मूळ तपशिलाला हात लावायचा नाही. नोंदणीतले बाकीचे तपशील मात्र रीतसर बदलून आरसीवर चढवता येतात. त्याच वर्षी अधिनियमात दुरुस्ती होऊन १ सप्टेंबरपासून कलम १८२-अ लागू झाले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. निर्माता, आयातदार किंवा वाहनविक्रेता यांनी नियमबाह्य गाडी विकली किंवा बदलून दिली, तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून अधिसूचित झालेला भाग निकषात बसत नसताना विकला, तर भागामागे तेवढीच शिक्षा. हातात पाना धरणाऱ्या स्वतंत्र गॅरेजचे नाव या कलमात कुठेही नाही.

हे नाव तिथे यावे, अशी आमची मागणी आहे. आमच्यापैकी काहींना ती रुचली नाही, तरी बैठकीत तिच्यावर भांडूनच ती इथे आली आहे.

कारण असे. काही कामे आम्हालाच बंद व्हायला हवी आहेत. बंपरपुढे बसवलेला लोखंडी बुलबार धडकेचा जोर थेट चासीपर्यंत नेतो. जो भाग चेपून आतल्या माणसांना वाचवायचा, तो चेपत नाही आणि एअरबॅगच्या सेन्सरला धडक नीट कळत नाही. पायी चालणाऱ्याचे काय होते ते वेगळे सांगायला नको. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितले होते. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एचआयडी बल्ब बसवला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जास्त. कापलेल्या स्प्रिंगा, प्रेशर हॉर्न, रिले-फ्यूजशिवाय मूळ वायरिंगला मारलेले जोड, सीटबेल्टचा इशारा बंद पाडणारी क्लिप, या कशाचीही बाजू आम्ही घेत नाही.

पण त्या क्लिपचेच उदाहरण बघा. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना आदेश दिले आणि तेरा हजारांहून जास्त जाहिराती उतरवल्या गेल्या. एकेक गाडी थांबवून क्लिप उपटत बसले असते तर हे झाले असते का? माल जिथून निघतो तिथे हात घातला की काम होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्याच्या नाना पेठेत जीएसटीच्या बिलावर उघड विकला जाणारा भाग नाक्यावर गुन्हा ठरतो. विमा कंपनी तर जादा बसवलेल्या विजेच्या उपकरणांसाठी वेगळा हप्ताही घेते. मालकाने यातून काय समजायचे?

आता दंडाच्या मोजणीकडे येतो. एका बंपर गार्डवर दोन फॉग लॅम्प आहेत आणि त्यांची वायर बॅटरीपर्यंत गेली आहे. हा बदल एक की चार? म्हणजे दंड पाच हजार की वीस? कलम यावर काहीच बोलत नाही, तेव्हा उत्तर अडवणाऱ्याच्या मर्जीवर राहते, आणि मर्जी आली की तिथे काय काय येते हे आपल्या खात्याला आम्ही सांगायला नको.

काचेवरच्या फिल्मचा घोळ याहून मोठा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिल्म लावण्यावर बंदी घातली. पुढे केंद्रीय नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितले की पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत येत असेल, तर निकषात बसणारे सेफ्टी ग्लेझिंग, म्हणजे तशी फिल्मही, मालक लावू शकतो. महाराष्ट्रात आमच्या दुकानदाराने काय करायचे?

यातून वाट काढायला नवे काही शोधावे लागणार नाही. सीएनजीसाठी ती वाट आहेच. किट चाचणी संस्थेने मंजूर केलेले, बसवणारा अधिकृत, त्याच्या सहीचे प्रमाणपत्र, आरटीओची तपासणी, आरसीवर नोंद आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी. पेट्रोलच्या गाडीत दाबाखालचा वायू भरण्याइतके जोखमीचे काम या पद्धतीने रोज होते. मग अलॉय व्हील, सस्पेन्शन, दिवे यांना ती का नको? जर्मनीत सुटा भाग सर्वसाधारण मंजुरीचा असेल तर तो नुसता बसवायचा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर तपासनीसाला दाखवून कागदोपत्री नोंदवायचा. आपल्याकडे तर २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्येच केंद्राला असे निकष ठरवण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्या निकषांनुसार केलेल्या बदलामुळे निर्मात्याची वॉरंटी रद्द होणार नाही असेही म्हटले आहे. चाचणीसाठी लांब जायलाही नको. गाड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी पुण्यात आहेत, व्हीआरडीई अहिल्यानगरला.

म्हणून आमच्या मागण्या :

१. कोणता बदल नोंदीशिवाय चालतो, कोणता आधी मंजुरी घेऊन चालतो आणि कोणता कधीच चालत नाही, याची मराठी यादी परिवहन खात्याने प्रसिद्ध करावी. ती प्रत्येक आरटीओत आणि आमच्या प्रत्येक दुकानात लागावी. फिल्मविषयीची राज्याची भूमिका त्यात स्पष्ट असावी. यादीत नसलेल्या वस्तूबद्दल लेखी विचारल्यास तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

२. कलम २०० नुसार तडजोड शुल्क ठरवणे राज्याच्या हातात आहे. ते धोक्याच्या प्रमाणात ठरावे. बुलबार आणि झगझगीत बल्ब जागेवर उतरवा, पूर्ण रक्कम घ्या. आमची हरकत नाही. दुसऱ्याच्या जिवाला धोका नसलेल्या बदलासाठी पहिल्या वेळी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी आणि गाडी मूळ स्थितीत आणून दाखवल्यास प्रकरण मिटवावे. एकत्र बसवलेला संच एकच बदल धरावा.

३. सायलेन्सरचा आवाज यंत्राने मोजून आकडा पावतीवर लिहावा. कानावरून ठरवू नये. मूळ सायलेन्सर जुना होऊन फुटलेला असतो, तोही फेरफार केलेला म्हणून जप्त होतो.

४. गॅरेजची नोंदणी करावी. फिटरला प्रशिक्षण आणि परवाना द्यावा, कामावर त्याची सही असावी. त्यानंतर धोक्याचे काम करणाऱ्याचा परवाना रद्द करा, त्याला दंडही करा. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागली तर राज्याने केंद्राकडे शिफारस करावी. कलम ५२ खालचे निकष लवकर काढावेत, हेही त्याच पत्रात लिहावे.

५. निकषाबाहेरचा माल आयात करणारे, घाऊक विकणारे आणि ऑनलाइन विकणारे यांच्यावर कारवाई सुरू करावी. किरकोळ दुकानदाराला यातून सूट हवी असे आम्ही म्हणत नाही. पण सुरुवात गोदामापासून व्हावी.

६. अपंग व्यक्तीच्या गाडीला हाताचा ब्रेक-क्लच बसवून नंतर मंजुरी घेण्याची सोय कायद्यात आहे. अशा गाडीला नाक्यावर अडवून चलान करू नये, अशा लेखी सूचना वाहतूक शाखेला द्याव्यात आणि मंजुरीची तपासणी एकाच फेरीत व्हावी. या कामाला उशीर लावायला कोणतेही कारण आम्हाला दिसत नाही.

पहिली मागणी मान्य होण्याची वाट न पाहता, वर नाव घेतलेल्या धोक्याच्या वस्तू आमचे सभासद विकणे आणि बसवणे आजपासून बंद करत आहेत. यादीचा मसुदा आम्ही सोबत आणू. चर्चेसाठी वेळ द्यावी, आणि त्या बैठकीला एआरएआय व वाहतूक पोलीस यांचे प्रतिनिधीही बोलवावेत, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, कार्यवाह आणि सभासद