रात्रीच्या समुद्रात नेण्याची विजेरी



रात्री समुद्राच्या तळाशी उतरून मासे पाहणे हा पैसेवाल्यांचा छंद, त्याचे या पानावर काय काम, असे कोणी विचारील. छंद त्यांचा असेल. पण त्यांना खाली नेणारी आणि धडपणे वर आणणारी मुले पगारावर राबणारी असतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. या कामाकडे वळलेल्या मुलांपैकी एक माझा भाचा.

२०२४ च्या डिसेंबरात तो अंदमानच्या स्वराज द्वीपावर (२०१८ पर्यंत याचेच नाव हॅवलॉक होते) एका केंद्रात उमेदवारीला निघाला. सोबत आणायच्या सामानाच्या यादीत ‘स्वतःची लहान विजेरी’ असे लिहिलेले. बहिणीने भिशीचे पैसे उचलून त्याच्या हाती ठेवले आणि त्याने बाजारातून एक विजेरी आणली. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’, ‘आयपीएक्स ८’ आणि लुमेनचा आकडा असा की अख्खे शिवाजी पार्क उजळून निघावे. “मामा, बघा तरी कशी आहे,” म्हणाला. मी मोठ्या शहाणपणाने सांगितले, “बादलीत टाकून रात्रभर ठेव. सकाळी पेटली तर चांगली.” सकाळी पेटली. आम्ही निर्धास्त झालो.

तिकडे तिसऱ्याच रात्री, १५ मीटर खोलीवर, ती एकदा फडफडली आणि विझली. दुसरी विजेरी जवळ नव्हती. प्रशिक्षकाने त्याचा दंड धरला, आपल्याकडची जादा विजेरी त्याच्या हातात दिली आणि सगळ्यांना वर घेतले. कारण एकाची मुख्य विजेरी गेली की सोबत्यांसह बुडी तेथेच संपवायची ही शिस्त आहे. चार गिऱ्हाइकांची ती रात्र फुकट गेली. प्रशिक्षक रागावला नाही. “उद्या तुझ्या हाताशी गिऱ्हाईक असेल,” एवढेच म्हणाला. हे फोनवर ऐकताना मला माझी बादली आठवत होती.

कारण हिशेब अगदी साधा होता आणि आयुष्य आकडेमोडीत घालवून तो मी केला नव्हता. पाण्यात दर १० मीटरला, दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोचा दाब वाढतो. विजेरीची काच ४ सेंटिमीटर व्यासाची धरली तर तिचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. म्हणजे १५ मीटरवर त्या एवढ्याशा काचेवर जवळपास १९ किलोचा जादा भार, तांदळाची गोणीच म्हणा. बादलीत तो भार कुठून येणार? आणि ‘आयपीएक्स ८’ म्हणजे काय, तर १ मीटरपेक्षा खोल पाण्यात, कंपनीने स्वतः ठरवलेल्या खोलीला आणि वेळेला टिकेल. ती खोली २ मीटरही असू शकते! तेव्हा ही अक्षरे सोडून द्यावीत आणि मीटरचा आकडा शोधावा. खास पाणबुड्यांसाठी बनवलेल्या विजेरीवर तो स्पष्ट छापलेला असतो, पुष्कळदा १०० मीटर. आपण १८-२० मीटरवर जाणार असलो तरी एवढा जादा जोर हवाच.

दुसरी गोष्ट उजेडाची. लुमेनच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. लहान विजेरीत सेलही लहानच असतो. जोरात पेटवली की थोड्या वेळात ती मंद होते. साधारण ५०० ते १००० लुमेन पुरेसे आहेत. मात्र आपण जेवढ्या उजेडावर ती वापरणार तेवढ्यावर दीड तास चालते का, ते पाहावे. त्याहून महत्त्वाचा झोताचा आकार. पावसाळ्यात कसारा घाटात धुके उतरले आणि ड्रायव्हरने मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसेच गढूळ पाण्यात पसरट झोताने होते. अरुंद झोत, १० अंशांच्या आसपासचा, गढूळ पाण्यातही दूर पोचतो आणि सोबत्याला खूण करायलाही उपयोगी पडतो. पसरट झोत चित्रीकरण करणाऱ्यांसाठी. विजेरीचा आणखी एक गुण भाच्याने सांगितला. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळते, म्हणून दिवसा तळाशी सगळे निळसर-राखाडी दिसते. रात्री विजेरी जवळ नेली की तोच खडक तांबडा-नारिंगी उजळतो.

आपल्या घरात विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतात, म्हणून येथे आतल्या बॅटरीला सेल म्हणतो. या विजेऱ्यांत बहुधा १८६५० नावाचा लिथियम सेल असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या सेलवर ३५०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास आकडा असतो. ९९०० छापलेला दिसला तर तो खोटा समजावा, मग दुकानदार काहीही शपथा घेवो.

विमानात सुटे लिथियम सेल मोठ्या सामानात टाकायचे नाहीत, ते हातातल्या पिशवीतच हवेत. प्रत्येक सेल वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा, किंवा त्याच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. किल्ल्या-नाण्यांत मोकळा पडला तर ठिणगी उडून पेट घेऊ शकतो. परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतचा सेल चालतो. आपला सेल किती? ३.६ व्होल्ट गुणिले ३.५ अँपिअर-तास, म्हणजे १२.६. भाच्याला मी हा गुणाकार चिठ्ठीवर लिहून दिला आहे, तपासणीला कोणी विचारले तर दाखवायला. विजेरीतलाही सेल काढूनच ठेवावा, नाहीतर पिशवीत बटण दाबले जाऊन ती तासन्‌तास जळत राहते.

आता दोन विजेऱ्यांचे. एक महागडी घेण्यापेक्षा एक मध्यम आणि एक अगदी लहान घ्यावी, हे माझे ठाम मत. लहान विजेरीलाही खोलीचा आकडा हवाच, पण ती साध्या पेन्सिल सेलवर चालणारी असावी; असे सेल बेटावरच्या किराणा दुकानातही मिळतात. काही विजेऱ्यांना चार्जिंगचे भोक अंगावरच असते. सोयीचे खरे, पण पाणी शिरायला ती आणखी एक वाट. सेल बाहेर काढून चार्ज करावा लागतो ती मला बरी वाटते. आणि जो सुट्टीत एकदाच जाणार, त्याने काहीच विकत घेऊ नये. पुष्कळ केंद्रांवर विजेरी भाड्याने मिळते.

झाकणाच्या आट्यांवर रबराची बारीक कडी असते, तिला ओ-रिंग म्हणतात. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत येते. उतरण्याआधी ती उजेडात नीट पाहावी, बोटाने पुसावी, सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात द्यावा. वर आल्यावर विजेरी गोड्या पाण्यात बुडवून ठेवावी आणि कोरडी झाल्यावरच उघडावी. आत पाणी शिरलेली विजेरी उघडताना तोंड बाजूला धरावे. सेल भिजून आत वायू साठलेला असतो आणि झाकण उडू शकते.

अंदमानात सूर्य मुंबईपेक्षा तासाभराहून अधिक आधी मावळतो, म्हणून ‘रात्रीची’ बुडी तेथे संध्याकाळी सहाच्या सुमारासही सुरू होऊ शकते. खाली बोलता येत नाही, विजेरीच बोलते. झोताचे वर्तुळ काढले म्हणजे ठीक आहे. झोत आडवा, घाईघाईने हलवला म्हणजे अडचण आहे. सोबत्याच्या डोळ्यांवर झोत मारायचा नाही. हाताने खूण करायची तर आपल्याच हातावर उजेड पाडायचा.

भाचा आता तेथेच नोकरीला लागला आहे. मोठी विजेरी मनगटाच्या दोरीला, छोटी छातीशी अडकवलेली. भिशीचा पुढचा नंबर लागला तेव्हा बहिणीने विचारले, “आता किती विजेऱ्या घ्यायच्या त्याला?” मी म्हणालो, एकही नाही, पण दोन जादा ओ-रिंग पाठवून दे.