विजेची गाडी घ्यावी. पण जोखीम कोणी घ्यावी?

पुरंदर तालुक्यातील आमच्या एका सहकाऱ्याने अलीकडे आम्हाला एक प्रश्न विचारला. प्रश्न सिद्धांताचा नव्हता, टेम्पोचा होता. सासवडच्या आसपासच्या पाच-सहा शेतकऱ्यांचा माल, हंगामाप्रमाणे अंजीर, सीताफळ, वाटाणा, पहाटे पुण्याच्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायचा आणि बहुधा रिकाम्या गाडीने परत यायचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा व्यवसाय. डिझेलचा जुना ‘छोटा हत्ती’ आता मिळकतीपेक्षा दुरुस्तीच जास्त मागू लागला आहे. नवी गाडी घेणे भाग आहे. ती विजेवरची घ्यावी काय? घरात आजवर विजेची दुचाकीसुद्धा आलेली नाही. म्हणजे आयुष्यातील पहिले विजेचे वाहन थेट पोटापाण्याचे घ्यायचे, असा हा पेच आहे.

विजेच्या वाहनांची चर्चा आपल्याकडे बहुतांशी मोटारवाल्यांच्या भाषेत चालते. पुण्यामुंबईच्या सुखवस्तू गृहस्थाने विजेची मोटार घेतली आणि तो निर्णय चुकला, तर त्याची थोडी गैरसोय होते. दारात दुसरी गाडी असते, नसली तर टॅक्सी असते. टेम्पोवाल्याचा अंदाज चुकला तर पाचव्या महिन्यात हप्ता थकतो आणि सातव्या महिन्यात वित्तसंस्थेचा माणूस गाडी ओढून नेतो. एकाच यंत्राविषयीचे हे दोन निर्णय एका तराजूत तोलता येत नाहीत. म्हणून हा प्रश्न आम्ही अग्रलेखाच्या जागी घेतला आहे.

प्रथम हिशेब पाहू, कारण हिशेबाला बगल देऊन केलेला उपदेश कष्टकऱ्याच्या कामाचा नसतो. जून २०२५ मध्ये टाटांनी ‘एस प्रो’ नावाची छोटी मालगाडी बाजारात आणली. तिची पेट्रोलची आवृत्ती ३ लाख ९९ हजारांना, विजेची ६ लाख ५० हजारांना. दोन्हींची वहनक्षमता ७५० किलो. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या वाहनांवरील कर मात्र होता तो ५ टक्केच राहिला. पेट्रोल-डिझेलची गाडी स्वस्त झाली याचे आम्हाला दुःख नाही. परंतु या एका निर्णयाने दोहोंच्या किमतीतील अंतर आणखी वाढून सुमारे २ लाख ८० हजारांवर गेले, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही. हे जादा पैसे कर्जाने उभे केले आणि १३ टक्के व्याजाने चार वर्षांत फेडायचे म्हटले, तर व्याजासह ते ३ लाख ६० हजार होतात. विजेच्या गाडीचे खरे जादा मोल हे, शोरूममधल्या पाटीवरचे नव्हे.

आता बचत. सासवड ते मार्केट यार्ड आणि परत, वर गावोगाव माल गोळा करण्याची वणवण, मिळून दिवसाचे ७५ किलोमीटर धरू. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरू. पेट्रोलची गाडी लिटरला २० किलोमीटर चालते असे मानले आणि पेट्रोल २०२५ सालच्या पुण्यातील भावाने, म्हणजे १०४ रुपयांच्या आसपास धरले, तर किलोमीटरला ५ रुपये २० पैसे पडतात. विजेच्या गाडीला चार्जिंगमधील गळतीसह किलोमीटरला ०.१७ युनिट लागते असे धरून युनिटला १० रुपये मोजले, तर १ रुपया ७० पैसे. वर्षाकाठी बचत ७८ हजारांच्या आसपास. म्हणजे जादा पैसे फिटायला साडेचार-पाच वर्षे. तेलबदल नाही, क्लच-गिअरचा खर्च नाही, हे धरले तर थोडे आधी. पण याच गाडीला दिवसाचे ३० किलोमीटरच काम असेल, किंवा ती हंगामापुरतीच धावत असेल, तर हे पैसे गाडीच्या हयातीत फिटतील की नाही याची शंका आहे. गाडी जितकी जास्त धावेल तितकी ती फायद्याची, आणि फार दूर जायचे म्हटले तर निरुपयोगी. नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेणाऱ्याने या फंदात तूर्त पडू नये.

युनिटला १० रुपये आम्ही धरले. परंतु सारी मेख तिथेच आहे. घरगुती विजेचा दर आपल्याकडे पायऱ्यापायऱ्यांनी चढतो: पहिली १०० युनिटे स्वस्त, ३०० पर्यंत महाग, त्यापुढे आणखी महाग. ही गाडी महिन्याला सव्वातीनशे युनिटे पिणार. घरातील दिवे, पंखे, टीव्ही यांनी खालची स्वस्त पायरी आधीच व्यापलेली असते. गाडीच्या वाट्याला वरच्या पायऱ्या येतात, आणि करासह हिशेब केला तर युनिट १५ रुपयांच्या घरात जाऊ शकते. तसे झाले तर बचत वर्षाला ६० हजारांवर उतरते आणि पाच वर्षांची सहा होतात. यावर उपाय आहे. वाहन-चार्जिंगसाठी वीज नियामक आयोगाने महाराष्ट्रात स्वतंत्र दरवर्ग केलेला आहे. त्याखाली वेगळा मीटर घ्यावा. गाडीचे पैसे भरण्यापूर्वी तो मीटर भिंतीवर लागलेला असला पाहिजे, कारण अर्ज केल्यापासून मीटर लागेपर्यंतचा काळ किती, हे ग्रामीण ग्राहकाला कोणी सांगण्याची गरज नाही. रस्त्यावरच्या सार्वजनिक चार्जरवर भिस्त ठेवणे तर परवडणारेच नाही. तिथला भाव चढा असतो आणि त्यावर वर १८ टक्के कर बसतो. गाडीवर ५ टक्के आणि तिच्या चाऱ्यावर १८ टक्के, हा न्याय ज्यांना सुचला त्यांच्या बुद्धीची तारीफ करावी तेवढी थोडी.

आमच्या सहकाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र निसर्गानेच करून ठेवली आहे. सासवड वर आहे आणि पुणे खाली. मध्ये दिवे घाट. ज्या घाटात माउलींच्या पालखीरथाला बैलांच्या जादा जोड्या लावाव्या लागतात, तोच हा घाट. वारी तो चढते. पुरंदरचा शेतमाल तो उतरतो. विजेच्या गाडीचे इंजिन, खरे म्हणजे मोटर, उतारावर उलटी काम करून थोडी वीज बॅटरीत परत भरते, आणि गाडी जितकी जड तितकी ही परतफेड मोठी. म्हणजे भरलेली गाडी उतरणार आणि रिकामी चढणार, असा योग इथे जुळून आला आहे. हीच गाडी पुण्याचा माल सासवडला वाहत असती तर आम्ही इतक्या उत्साहाने लिहिले नसते.

तरीही दोन सावधगिरीचे शब्द सांगितले पाहिजेत. कंपनी एका चार्जिंगमध्ये १५५ किलोमीटर सांगते. ते चाचणीतले किलोमीटर आहेत. लादलेल्या गाडीला, उन्हाळ्यात, हडपसरच्या कोंडीत, ९० मिळाले तर भरपूर, असे समजून चालावे. आणि दुसरी गोष्ट बोलायला जरा अवघड आहे. या धंद्यात ७५० किलोच्या गाडीत ७५० किलो कोणी भरत नाही. भाड्याचे दर इतके खाली दाबले गेले आहेत की दीडपट माल भरल्याखेरीज फेरी परवडत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे, अडत्याला ठाऊक आहे आणि रस्त्यावरच्या पोलिसालाही ठाऊक आहे. डिझेलची गाडी हा अत्याचार धूर ओकत सोसते. विजेची गाडी तो पल्ल्यातून वसूल करते. जिला कायद्याप्रमाणेच वागावे लागते अशी गाडी, बेकायदा भारावरच उभ्या असलेल्या धंद्यात, टिकेल कशी? याचे उत्तर गाडीत नाही, भाड्याच्या दरात आहे.

इथवर सारे मोजता आले. जे मोजता येत नाही ते पुढे आहे. सात-आठ वर्षांनी बॅटरीची काय अवस्था असेल? ती बदलायची झाली तर किंमत काय? जुनी डिझेलची गाडी आजही आठवड्याच्या आत विकली जाते. जुन्या विजेच्या गाडीला गिऱ्हाईक कोण? बिघाड झाला तर सासवडचा मिस्त्री, ज्याने आजवर तिन्हीत्रिकाळ गाडी चालू करून दिली, तो या गाडीचे झाकण उघडू शकत नाही. गाडी कंपनीच्या कारखान्यात जाणार आणि तेवढे दिवस हप्ता तसाच चालू राहणार. (त्या मिस्त्रीचे पुढे काय, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल कोणतेही धोरण चकार शब्द काढत नाही.) शिवाय पाच वर्षांचा हिशेब मांडायचा तर पाच वर्षे माल पिकत राहिला पाहिजे, आणि याच तालुक्यातील सात गावांची जमीन विमानतळासाठी संपादन करण्याच्या हालचाली २०२५ मध्ये शेतकऱ्यांच्या विरोधाला न जुमानता चालू होत्या.

या अनिश्चिततेचे ओझे कोणाच्या माथी आहे ते पाहावे. मे २०२२ मध्ये ‘छोटा हत्ती’ची विजेवरील आवृत्ती पहिल्यांदा दाखवण्यात आली, त्याच वेळी ३९,००० गाड्यांचे सामंजस्य करार झाले. करार करणाऱ्यांत ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट अशी नावे होती. एकट्या ॲमेझॉनने २०२४ पर्यंत आपल्या वितरणसाखळीत १०,००० विजेची वाहने आणल्याचे जाहीर केले. या कंपन्यांना बॅटरी बिघडली तर हजारात एक बिघडली. त्यांचे स्वतःचे चार्जर, ठरलेले मार्ग, स्वस्त भांडवल. त्यांच्या गाड्या बहुधा भाडेपट्ट्याच्या, आणि चालवणारा बहुधा कंत्राटी. २००५ साली पहिला ‘छोटा हत्ती’ आला तेव्हा त्याने खेडोपाडीच्या हजारो तरुणांना चालक-मालक केले, हे त्या गाडीचे श्रेय आम्ही नाकारणार नाही. आता ऊर्जेच्या या संक्रमणात तोच मालक पुन्हा नुसता चालक होणार असेल, तर हवा स्वच्छ होईल आणि माणूस मोडेल.

सरकारने काय केले? केंद्राच्या १०,९०० कोटींच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत तीनचाकींना अनुदान ठेवले गेले. जुलै २०२५ च्या आदेशाने साडेतीन टनांवरील मोठ्या मालमोटारींना प्रत्येकी ९ लाख ६० हजारांपर्यंत देऊ केले. मधला चारचाकी छोटा टेम्पो दोहोंच्या मधल्या फटीत पडला. राज्याने २०२५ च्या धोरणाखाली २२ ऑगस्टपासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना आणि बसगाड्यांना टोल माफ केला. मालवाहू गाड्यांना त्या सवलतीतून वगळले. वीस लाखांच्या मोटारीतून एकटा जाणारा मनुष्य टोल भरणार नाही आणि भाजीची गाडी भरील. पर्यावरणाच्या नावाने केलेली ही व्यवस्था कोणत्या वर्गाचे हित पाहते, हे सांगायला मार्क्सपर्यंत जाण्याचे कारण नाही.

चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या कोळसा केंद्राचा धूर श्वासात घेणारा माणूस विजेच्या गाडीला ‘निर्धूर’ म्हणेल काय, असा आक्षेप आमच्यातीलच काही मित्र घेतात. आक्षेप खरा आहे. पण कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण आयात करतो, आणि पहाटे तीनपासून मार्केट यार्डाच्या फाटकावर डिझेलच्या रांगेत उभा असलेला हमाल आणि चालक यांच्या छातीचाही काही हिशेब आहे. कोळसा हटवण्याचा लढा वेगळा चालवावा लागेल. त्यासाठी टेम्पो अडवून ठेवण्याचे कारण नाही.

तेव्हा आमच्या सहकाऱ्याला आमचे उत्तर असे: मार्ग ठरलेला, पल्ला बेताचा आणि घाट अनुकूल असल्याने गाडी घ्यावी, पण वेगळा मीटर लागल्याखेरीज घेऊ नये, राज्याच्या धोरणातील सवलत बिलातून वजा करून मिळते की मागाहून, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे, आणि शक्य तोवर एकट्याने घेऊ नये. आठ-दहा टेम्पोवाल्यांनी सहकारी संस्था नोंदवून गाड्या घेतल्या तर एक गाडी कारखान्यात असताना दुसरी फेरी करते आणि हप्ता थकत नाही. हे बोलणे स्वप्नाळू वाटेल त्यांनी आठवावे की प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर आणि त्यामागे शासन उभे राहिले म्हणून. आणि याच पुण्यात बाबा आढावांनी हमालांची पंचायत बांधली तेव्हा पाठीवर पोते घेणाऱ्याची संघटना होऊ शकते यावर शहाण्यासुरत्यांचा विश्वास नव्हता. १९६९ चा माथाडी कायदा अशाच संघटित बळातून आला. जो ओझे उचलतो त्याच्यासाठी कायदा झाला. जो ते स्वतःच्या टेम्पोतून वाहून नेतो त्या चालक-मालकासाठी तसा कायदा अजून झालेला नाही.

मागण्या मोजक्याच कराव्यात. टोलमाफी मालवाहू गाड्यांना प्रथम द्यावी. अशा सहकारी संस्थांच्या कर्जाला राज्याने हमी द्यावी आणि मुदतीनंतर जुनी बॅटरी ठरल्या भावाने परत घेण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे. दिल्लीने २०२१ मध्ये विजेच्या छोट्या मालगाड्यांना प्रवेशबंदीच्या वेळांतून सूट दिली. पुण्यात तशी सूट देण्यास तिजोरीतून एक पैसाही लागणार नाही. आणि शेतमालावर बाजारशुल्क घेणाऱ्या बाजार समितीने गाळ्यांच्या मागे, जिथे गाड्या लिलाव आटोपेपर्यंत दोन-तीन तास नुसत्या उभ्या असतात, तिथे चार्जरची सोय करावी. पुरंदर आणि हवेली तालुक्यांतील आमच्या कार्यकर्त्यांनी या शेवटच्या मागणीचा अर्ज टेम्पोवाल्यांच्या सह्यांनिशी समितीच्या कार्यालयात येत्या पंधरवड्यात दाखल करावा आणि त्याची पोच घ्यावी.