आम्हाला तुमचे दान नको, आमचा हिस्सा हवा!



१४ एप्रिल जवळ आला की आमच्या वस्तीत कंपन्यांच्या गाड्या येऊ लागतात. गेल्या जयंतीला अशीच एक गाडी आली. शंभरेक दप्तरे उतरली, प्रत्येक दप्तरावर कंपनीचा शिक्का. फोटो निघाले. आमच्याच मंडळाने साहेबांचा शाल देऊन सत्कार केला. दप्तराच्या रांगेत एक मुलगी होती. तिचा बाप दोन वर्षे एका ॲपवाल्या कंपनीची पार्सले पोहोचवत होता. एके सकाळी त्याचा आयडी बंद झाला. नोटीस नाही, चौकशी नाही, जाब विचारायला साहेब नाही की ऑफिस नाही. मोबाईलवर एक मेसेज, एवढेच. बापाचे काम गेले, मुलीला दप्तर मिळाले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आम्हाला आजही बोचतात, म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करू. हे दप्तर कंपनीने दयेपोटी दिलेले नाही. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ सांगते की ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च केले पाहिजेत. यालाच सीएसआर म्हणतात. म्हणजे कायद्याने जे द्यावेच लागते, ते देऊन दाता म्हणून मिरवायचे आणि वर आमच्याकडून शालही घ्यायची! बरे, हा पैसा कुठे खर्च करायचा हे कोण ठरवते? कंपनीच्याच संचालकांची समिती आणि संचालक मंडळ. ज्यांच्यासाठी खर्च, त्यांचा माणूस तिथे असलाच पाहिजे अशी अट कायद्यात नाही. आमची गरज काय, हे आमच्या वस्तीत कधी न राहिलेला माणूस ठरवतो.

हा खेळ नवा नाही. १९३२ साली पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी एक संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष कोण? उद्योगपती घनश्यामदास बिर्ला. त्या वर्षी १४ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी विलायतेच्या प्रवासात, जहाजावरून संस्थेचे सचिव ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहिले. शाळा, वाचनालये, व्यायामशाळा काढून चार माणसे सुधारतील, पण प्रश्न सुटणार नाही; नागरी हक्कांसाठी लढा आणि संधीची समानता द्या, असा त्याचा आशय होता. आमच्या माणसाला कामावर सगळ्यात शेवटी घेतात आणि सगळ्यात आधी काढतात, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत त्याला कमी पगाराच्या खात्यात डांबतात, हे बाबासाहेबांनी त्या पत्रात स्पष्ट मांडले. त्या पत्राची साधी पोचही त्यांना मिळाली नाही. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा मागितली, तेव्हा गांधीजींचे उत्तर होते की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, कारभार त्यांनीच करायचा. पैसा त्यांचा, निर्णय त्यांचा, पुण्य त्यांचे. आमच्या वाट्याला फक्त उपकार. आजची सीएसआर समिती यापेक्षा काय वेगळी आहे?

आता कोणी म्हणेल, जग बदलले, ॲपला जात कळत नाही. गिरणीतल्या मागालाही जात कळत नव्हती! तरी जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. यंत्र विलायतेचे होते, नियम मनुस्मृतीचा होता. यंत्र कोणाच्या हातात आहे, यावर ते काय करणार हे ठरते.

आज काय चालले आहे ते पाहा. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कोण कुठे किती वेळ थांबला, हे साहेबाला पडद्यावर दिसावे म्हणून. दीक्षाभूमीच्या शहरात! उपग्रहाची नजर मनगटापर्यंत पोहोचली, पण गटारात उतरणाऱ्या माणसाला बाहेर काढणारे यंत्र देशभर का पोहोचले नाही? हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. कारण मरणे थांबलेले नाही. जिथे यंत्राने आमचा जीव वाचेल तिथे ते येत नाही. जिथे आमच्यावर पाळत ठेवता येते, आमची भाकरी काढून घेता येते, तिथे मात्र ते सर्वात आधी येते.

आणि आरक्षणाचे काय? आरक्षण पदाला असते. पद असेल तर बिंदुनामावली असते. ॲपच्या धंद्यात पदच नाही. तिथे तुम्ही कामगार नाही, 'पार्टनर' आहात. गाडी तुमची, पेट्रोल तुमचे, अपघात तुमचा आणि नफा मालकाचा! नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली, पण ती लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. तिच्यात कंपनीने उलाढालीचे एक ते दोन टक्के द्यायचे आहेत, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त नाही. आणि हा कायदाही या माणसाला मालक-नोकर नात्याच्या बाहेरच ठेवतो.

काही कार्यकर्ते आम्हाला म्हणतात, "दादा, मिळतंय ते घ्या की! पोरांच्या दप्तरावर कशाला राजकारण?" आम्ही दप्तर परत करा म्हणत नाही. घ्या, तो आपलाच पैसा आहे. पण मिंधे होऊ नका. ज्या मंडळाच्या कमानीवर कंपनीचे नाव झळकते, ते मंडळ त्या कंपनीच्या दारात मोर्चा नेईल का? आम्ही आमच्याच मंडळाला हे विचारले, तेव्हा सगळे गप्प झाले. दानाची खरी किंमत ती गप्प बसणारी तोंडे असतात.

बाबासाहेबांनी आम्हाला वेगळे देणे शिकवले. १९५६ साली नागपूरला त्यांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग द्यावा असे सांगितले. विसावा भाग म्हणजे पाच टक्के, तोही नफ्याचा नव्हे, घामाच्या मिळकतीचा. नुकतीच मेलेली ढोरे ओढणे सोडलेल्या माणसाकडून पाच टक्के आणि अब्जाधीशाकडून दोन! गरिबाच्या त्या पाच टक्क्यांवर चळवळ स्वाभिमानाने उभी राहते, कारण त्याचा हिशेब आपल्याच माणसांना द्यावा लागतो.

म्हणून तरुण मित्रांनो, मागण्या नीट ठरवू. खासगी क्षेत्रात आणि कंत्राटी कामात आरक्षण हवे. कंपनीत वरपासून खालपर्यंत अनुसूचित जाती-जमातींचे किती लोक आहेत, हे तिने दरवर्षी जाहीर करावे. सीएसआरचा पैसा ज्या वस्तीसाठी, त्या वस्तीचे प्रतिनिधी निर्णयात हवेत. आयडी बंद करण्याआधी लेखी कारण आणि नोटीस हवी. कर्नाटकने २०२५ च्या कायद्यात १४ दिवसांची नोटीस घातलीच आहे, मग फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने मागे का राहावे?

हे होणार नाही असे समजू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला. तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्येच तो रद्द करावा लागला. ते कोणाच्या दानाने झाले नाही, संघटनेने झाले.

येत्या जयंतीला गाडी आली तर दप्तरे उतरवून घेऊ. पण शालीऐवजी साहेबांच्या हातात मागण्यांचे निवेदन देऊ, त्यावर पोच घेऊ, आणि ते द्यायला त्या मुलीच्या बापाला पुढे करू.

जय भीम! जय संविधान!