दीड वर्षाचा मुसाफिर

परदेशी राहणाऱ्या सुनेचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो. कडेवर लेकरू, मागे आयफेल टॉवर. मग घरातून दोन उद्गार निघतात. पहिला सगळ्यांना ऐकू जाईल असा, ‘माशाअल्लाह!’ दुसरा फोन खाली ठेवल्यावर, हळू आवाजात. ‘दूधपित्या लेकराला घेऊन एवढं हिंडायची काय गरज? तेच पैसे साठवून गावी आले असते, तर दादा-दादीनं नातू तरी पाहिला असता.’

चिखली, मेहकर, मलकापूर, खामगावकडची मुले आता इंजिनिअर होऊन आधी पुण्याला आणि तिथून जर्मनी-हॉलंडला जाऊ लागली आहेत. त्यामुळे हा दुसरा उद्गार मी चार-पाच घरांत तरी ऐकला आहे. माझ्या लेकीच्या सासरीही तो निघाला. आमच्या समधनबाई मलकापूरच्या, मनात एक आणि ओठावर दुसरे असे त्यांचे नाही. मी जर्मनीला निघाले तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितले, ‘आपा, तुम्ही जाताच आहात तर पोरीला जरा समजवा.’

मागच्या वर्षी रमजान ईद करून मी गेले. पाहुण्यांचा व्हिसा जास्तीत जास्त 90 दिवसांचा मिळतो. ते बहुतेक सगळे दिवस मी कोलोन शहराबाहेरच्या त्या घरात काढले, आणि लेकीला समजावण्याआधी मलाच काही गोष्टी समजल्या.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. जावई सकाळी साडेसातला बाहेर पडतात. मग लेक आणि तिचा मुलगा, ज्याला आम्ही छोटे मियाँ म्हणतो, दोघेच. आपल्याकडे मूल कसे वाढते ते आठवून पाहा. सकाळी दादीच्या मांडीवर, मग चाचाच्या खांद्यावर, अकराच्या सुमारास शेजारची खाला उचलून नेते आणि परत आणते तेव्हा तोंडाला कुणाच्या तरी घरची खीर लागलेली असते. आईने अंघोळ केली, भाकरी थापल्या, झोहर पढली, तरी मूल कुठे आहे याची चौकशी करावी लागत नाही. तिथे माझी लेक न्हाणीघराचे दार उघडे ठेवून अंघोळ करते. ती नमाजला उभी राहिली की छोटे मियाँ सजद्यात तिच्या पाठीवर स्वार. पैगंबर साहेबांच्या (स.) पाठीवर नवासे चढत आणि ते उतरेपर्यंत सजदा लांबत असे, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, सांगितलेली आहे. पण घरात दुसरे माणूसच नसताना रोज पाच वेळा ते निभावणे काय असते, हे तिला पाहिल्यावर कळले.

तिथे एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क 2013 पासून कायद्याने दिलेला आहे. जागा मात्र कमी आहेत. यांचे नाव प्रतीक्षा यादीत. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो. ‘अम्मी, त्या तीन महिन्यांत दिवसाउजेडी मी दुकानातल्या कॅशियरबाईशिवाय कुणाशी बोललेच नाही,’ ती म्हणाली. जावयांनी फेब्रुवारीत एका शनिवारी तिघांना गाडीत बसवले आणि तासाभरावरच्या दुसऱ्या गावी नेले. काय पाहिले ते आज दोघांनाही आठवत नाही. ती रात्री शांत झोपली, एवढे आठवते. फिरण्याची सुरुवात झाली ती अशी. फोटोत टॉवर दिसतो, त्याआधीचा हिवाळा दिसत नाही.

आता खर्चाचे. जर्मन रेल्वेत सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. मोठ्यांसाठी 2023 मध्ये 49 युरोचा महिन्याचा पास निघाला, मागच्या वर्षी तो 58 युरो होता. साध्या गाड्या, ट्राम, बस यांत देशभर चालतो, फक्त वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत नाही. जावयांकडे कामावर जायला तो असतोच, लेकीचा वेगळा काढला की त्या महिन्याचे शनिवार-रविवार त्यातच भागतात. डबा घरचा. मूगडाळ आणि तांदूळ भाजून केलेली भरड मी इथून नेली होती. थर्मासमधले उकळते पाणी ओतून झाकण लावले की दहा मिनिटांत छोटे मियाँचे जेवण तयार. तिथे नळाचे पाणी पिता येते, तेव्हा बाटल्या विकत घेणे नाही.

तूप मात्र नेता आले नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, खवा, पेढे, सुकवलेले मांस, सगळे त्यात आले. बंद डब्यातली बाळाची दूधपावडर दोन किलोपर्यंत चालते. ज्या नानी-दादी नातवासाठी तुपातले लाडू वळून पाठवायच्या बेतात असतील, त्यांनी आधीच ऐकून ठेवावे, नाहीतर विमानतळावर डोळ्यांदेखत ते कचऱ्यात जातात.

मोठ्या गाड्यांत लहान मुलांसाठी वेगळा कप्पा असतो, आरक्षण करताना मागून घ्यावा लागतो. दार लावले की मूल खाली बसून खेळू शकते. आपल्या रेल्वेत दोन बर्थच्या मध्ये चादरीचा झोका बांधतात, ती सोय नाही, पण या कप्प्यात मला आपल्या सैलानीच्या यात्रेला निघालेल्या एसटीची आठवण झाली. समोर एक तुर्की आजी होती. तिने न विचारता संत्रे सोलले, बिया काढल्या आणि एकेक फोड छोटे मियाँना भरवू लागली. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. वीस मिनिटांनी तो तिच्या मांडीवर होता आणि माझी लेक खिडकीतून बाहेर नुसती पाहत बसली होती. हाताला काही काम नाही, असे तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

पॅरिसला गाडीने साडेतीन तासांच्या आत पोचतो. तिथल्या जमिनीखालच्या रेल्वेला पायऱ्याच पायऱ्या, लिफ्ट थोड्याच स्टेशनांवर. बाबागाडीचे मागचे टोक आम्ही धरले की पुढचे चाक कुणीतरी अनोळखी माणूस उचलून घ्यायचा, वर पोचल्यावर मान हलवून निघून जायचा. मोठे संग्रहालय आम्ही पाहिले नाही. दिवसाला एकच ठिकाण आणि दुपारची झोप मोडायची नाही, असा तिचा नेम आहे, आणि तो बरोबर आहे. त्या दिवशीचे ठिकाण होते 1926 मध्ये उघडलेली पॅरिसची मोठी मशीद. 33 मीटरचा चौकोनी मिनार, आत अंगण, शेजारी पुदिन्याचा चहा. छोटे मियाँ अंगणात धावून धावून थकले आणि झोपले. आम्ही आळीपाळीने नमाज पढलो. सफरात कसरची सवलत आहे, ती लेकुरवाळीला किती मोलाची, हे मला घरी बसून कधी जाणवले नव्हते.

खाण्याबाबत एक गंमत सांगते. जर्मनीत खाटकाच्या दुकानात आईबरोबर मूल आले की बाई प्रेमाने सॉसेजची चकती त्याच्या हातात देते. जुनी रीत आहे. ती बहुधा डुकराच्या मांसाची. मऊ, रंगीत अस्वलाच्या आकाराच्या गोळ्याही कुणीही पुढे करते आणि त्यातले जिलेटिन पुष्कळदा डुकराचे असते. देणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून चेहरा पाडू नये. लेक हसून नको म्हणते आणि पिशवीतला खजूर मुलाच्या हातात देते. खजूर कायम पिशवीत. हलाल मांसाची अडचण तिथे फारशी नाही, कारण 1961 च्या करारानंतर तुर्की कामगार आले ते राहिले, आणि त्यांची दुकाने गावोगाव आहेत. डायपर बदलायचे झाले तर डीएम नावाच्या दुकानात फळी असते आणि वर डायपर फुकट ठेवलेले असतात. बाकी ठिकाणी स्वच्छतागृहाला सुटे पैसे लागतात, तेही खिशात असू द्यावे. विमानाच्या तपासणीत 100 मिलीलिटरचा नियम बाळाच्या दुधाला आणि खाण्याला लागू नाही.

मोठा सफर एकच झाला, स्पेनचा. उन्हाळ्यात कोर्दोबा आपल्या अकोल्यासारखे तापते म्हणून एप्रिलच्या अखेरीस गेलो. पहिल्या अब्दुर्रहमानने 785 च्या सुमारास सुरू केलेली ती मशीद 1236 पासून चर्च आहे, आत आपल्याला नमाज पढता येत नाही. साडेआठशेच्या आसपास खांब, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी. मोताळा तालुक्यातली रोहिणखेडची सोळाव्या शतकातली मशीद पाहून मी दगडाची मशीद म्हणजे काय ते समजते असे मानत होते. इथे उभी राहिले आणि गप्प झाले. जावई मनात काय ते म्हणत होते, मीही. छोटे मियाँना इतिहासाचे ओझे नव्हते. एका खांबामागे जायचे, डोकावायचे, हसायचे, पुढच्या खांबामागे. मला वाटले, रखवालदार आता रागावणार. तो दोन खांब पुढे जाऊन स्वतःच लपला. ग्रानाडाच्या अलहम्रा राजवाड्यात बाबागाडी नेता येत नाही, मुलाला अंगावर बांधून घ्यावे लागते. तिकीट पासपोर्टच्या नावाने कित्येक आठवडे आधी काढावे लागते आणि आतल्या महालाची ठरलेली वेळ चुकली की चुकली. त्याने आमचा सगळा महाल झोपेत पाहिला.

युरोप पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुस्लिम बाया काही आजच्या नाहीत. जंजिऱ्याच्या नाझली बेगम 1908 मध्ये नवाबसाहेब आणि बहीण अतिया यांच्यासोबत गेल्या आणि परतल्यावर ‘सैर-ए-युरोप’ हे उर्दू पुस्तक लिहिले. तो संस्थानिकांचा सफर होता. माझ्या लेकीच्या पाठीवर एकच पिशवी, त्यातली निम्मी डायपरची.

कागदांचे थोडक्यात. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करावी, त्यावर त्याचा भारतीय पासपोर्ट. मुलाचे तिथले राहण्याचे कार्डही वेगळे असते. ते असले की शेंगेन करारातल्या इतर देशांत 180 दिवसांपैकी 90 दिवस व्हिसा न काढता जाता येते. असे एकूण 29 देश आहेत. आणि दोन वर्षांखालचे मूल मांडीवर बसते तोवर बऱ्याच विमान कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास घेतात. दुसरा वाढदिवस झाला की पूर्ण खुर्ची. यांनी गावी येण्याचे तिकीट त्या हिशेबाने वाढदिवसाच्या आधीचेच काढले होते. म्हणजे गावी येणे आणि तिकडे फिरणे ही दोन वेगळी खाती आहेत, एकाचे पैसे दुसऱ्यातून गेलेले नाहीत.

परत आल्यावर हे सगळे मी समधनबाईंना सांगितले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आपा, पैशांचं मी म्हणत होते खरं, पण पैशांचं नव्हतं ते. सात महिन्यांचा असताना पाहिलाय मी त्याला. तो मला ओळखेल का?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पोरीने मुलाला घेऊन कोर्दोबा न पाहता घरात बसायचे, हे त्याचे उत्तर नाही, एवढे मला ठाऊक होते. मी म्हटले, ‘तुम्हीच जा. माझे तीन महिने झाले, आता तुमचे.’ व्हिसासाठी काय लागते ते लिहून दिले. जावयांचे हमीपत्र, 30,000 युरोचा आरोग्य विमा, परतीचे तिकीट. गुडघे दुखतात म्हणाल्या. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, हेही मी लपवले नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी पासपोर्टचा अर्ज भरला. परवा फोन आला होता, तिकडच्या रेल्वेत चादरीचा झोका बांधता येतो का विचारायला. मी सांगितले, येत नाही, पण चादर न्या, त्या घराच्या दाराला वर एक आडवा दांडा आहे.