लेकरू म्हणजे वाटणीतला हिस्सा नव्हे

आजचा विषय पेरणीचा नाही, खताचाही नाही. नवरा-बायको वेगळे झाल्यावर लेकरू कुणाकडं राहणार आणि त्याला पोसणार कोण, हा आहे.

नांदेड-लातूरकडच्या गावांत असा तंटा आधी बैठकीत येतो. भांडी-दागिने परत होतात, बाँडवर फारकत लिहिली जाते आणि ठरतं, "पोरगं आमच्या वंशाचं, ते इथंच राहील. पोरगी तू ने." लेकराला कुणी विचारत नाही. कायद्यात मात्र ही सोय १८९० पासून आहे. पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम १७ प्रमाणं, लेकरू समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय त्याचं म्हणणं विचारात घेऊ शकतं. वयाचा आकडा तिथं दिलेला नाही. लेकरू म्हणेल तेच होईल, असंही नाही; सायकलीचं आमिष दाखवून पढवलेलंही असतं. सगळ्यात वर त्याचं हित. हिंदूंसाठीच्या १९५६ च्या कायद्यात पाच वर्षांखालचं लेकरू सर्वसाधारणपणे आईकडं राहावं, असं म्हटलं आहे.

आता पोटगीचं. लेकरू आईकडं गेलं म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. पूर्वीचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून १ जुलै २०२४ पासून लागू आहे, आणि ते सर्व धर्मांना आहे. नोकरदाराचा पगार कागदावर दिसतो. शेतकरी म्हणतो, "सात-बारा वडिलांच्या नावावर, पाऊस दगा देतो, माझ्याकडं काय आहे?" पावसाचा दगा खरा आहे, पंचनामे करताना आम्ही तो पाहतोच. पण तो लेकराच्या ताटापुरताच कसा आठवतो?

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी शेतीवाल्यांसाठी शपथपत्राचा वेगळा नमुनाच दिला. जमीन किती, बागायत की जिरायत, पिकं कोणती, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, बटईची जमीन, गाई-म्हशी-शेळ्या, सगळं त्यात भरायचं. कर्जही लिहायचं. म्हणजे खरं सांगणाऱ्याची अडचणही न्यायालयापुढं येते. शिवाय पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, असंही त्या निकालात आहे. तारखा लांबवून पैसे वाचत नाहीत.

सरपंच, पोलीस पाटील, तलाठी भाऊसाहेब, तुम्हाला एक विनंती. "लेकराची पोटगी मागणार नाही" असं आईकडून बाँडवर लिहून घेऊ नका. त्यानं लेकराचा हक्क बुडत नाही, फक्त बाई घाबरते. तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवा. १९८७ च्या कायद्यानं बाईला आणि लेकराला उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. आणि बैठक बसलीच, तर लेकराला आधी बाजूला घेऊन, आई-बाप समोर नसताना, एवढं विचारा : "बाळा, तुला कुठं राहावंसं वाटतं, अन् का?"

बांधाचा वाद पुढच्या पिढीतही मिटवता येतो. लेकराचं बालपण तेवढं थांबत नाही.