देशोदेशींच्या गोष्टी : रिकामें करण्यासाठीं बांधलेलें धरण

धरण म्हटलें कीं आपणांपुढें भाटघरचें किंवा राधानगरीचें चित्र उभें राहतें. पावसाळ्याचें पाणी अडवावें, उन्हाळ्यापर्यंत जपावें आणि शेताला व गांवाला लागेल तेवढेंच मोजून सोडावें, हा धरणाचा धर्म अशी आपली समजूत. परंतु युरोपांतील स्लोव्हेनिया या चिमुकल्या देशाच्या पश्चिम भागांत कांहीं जुनीं दगडी धरणें आहेत, त्यांचा धर्म नेमका याच्या उलट होता. त्यांत पाणी सांठवीत तें एका दमांत सोडून देण्यासाठीं. तेथील लोक त्यांना ‘क्लावझे’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘बंद केलेलें’ एवढाच. आणि त्या सुटलेल्या पाण्याबरोबर खालीं जात तीं रानांत तोडलेलीं लांकडें.

हीं लांकडें कोणाला हवीं होतीं, हें समजण्यासाठीं आधीं पाऱ्याकडे वळलें पाहिजे. ताप पाहण्याच्या कांचेच्या नळींतला पारा आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल, आणि वैद्यांच्या घरीं हिंगूळही. हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचें खनिज. या धरणांच्या खालच्या अंगास इद्रिया नांवाचें गांव आहे. तेथें १४९० सालीं लांकडी पात्रें करणारा एक कारागीर आपलें नवें भांडें झऱ्यांत भिजत ठेवून होता, आणि त्याच्या तळाशीं त्याला एक चकाकणारा, विलक्षण जड थेंब दिसला, अशी दंतकथा आहे. कथा खरी असो वा नसो, खाण मात्र खरी. ती सुमारें पांचशें वर्षें चालली व तिनें एक लाख टनांहून अधिक पारा दिला. स्पेनमधील आल्मादेनची खाण सोडली तर एवढा पारा जगांत दुसऱ्या कोणत्याही खाणींतून निघाला नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस यांतला पुष्कळसा पारा स्पेनला विकला जाई, आणि तेथून समुद्रापार अमेरिकेंतील स्पॅनिश मुलखांत रुपें गाळण्यासाठीं जाई.

हिंगूळ भट्टींत तापविला म्हणजे पाऱ्याची वाफ होते, आणि ती वाफ निववली म्हणजे पुनः पारा हातीं येतो. युक्ति साधी, पण भट्टीची भूक मोठी. शिवाय खाणींतले बोगदे ढांसळूं नयेत म्हणून त्यांना जागोजाग लांकडी खांब द्यावे लागत. भोंवतालचीं रानें सरकारनें खाणीकरितां राखून ठेविलीं होतीं. परंतु तीं उभ्या दऱ्यांत, जेथें गाडी जाईल असा रस्ता नाहीं. वाट एकच, नदीची. आणि ती इद्रिइत्सा नदी तरी कशी? डोंगरी, खडकाळ, आणि एरवीं पाणी इतकें बेताचें कीं ओंडका दहा पावलांवर अडकून पडावा. पुराची वाट पाहत बसलें तर भट्टी विझणार. तेव्हां पूर आपणच आणावयाचा, असें तेथील लोकांनीं ठरविलें.

आरंभींचे बांध लांकडाचेच होते. ते कुजत, पाण्याच्या माऱ्यानें खिळखिळे होत, आणि पुनः पुनः बांधावे लागत. १७७० च्या सुमारास योझेफ म्राक या मोजणीदारानें इद्रिइत्सा व तिला मिळणारी बेल्त्सा यांवर दगडी धरणें उभारलीं. कानोम्ल्यित्सा या दुसऱ्या प्रवाहावरही तसेंच धरण झालें. म्राक हा इद्रियाचाच माणूस. त्या दऱ्या त्याच्या पायांखालच्या होत्या. रुंद, भरीव भिंत, तळाशीं मोठे दरवाजे, आणि ते आंतून लांकडी फळ्यांनीं बंद केलेले, असा हा बेत. आज तेथील लोक मोठ्या प्रेमानें यांना ‘स्लोव्हेनियाचे पिरॅमिड’ म्हणतात; ही उपमा आम्हांस थोडी सढळ वाटते, पण भिंतींचा ताठा पाहतां ती अगदींच अस्थानींही नाहीं.

काम चालें तें असें. रानांत तोडलेलीं लांकडें उतारावरून घसरवीत नदीपर्यंत आणीत आणि धरणाच्या खालीं, कोरड्या पात्रांतच, त्यांच्या राशी रचीत. पाऊस पडे, बर्फ वितळे, धरण भरे. ठरल्या दिवशीं दरवाजाचा आडणा ठोकून सोडवीत. मग काय! सारें तळें एकदम दरींत कोसळे, लांकडांच्या राशी उचले, आणि एकमेकांवर आदळणारे ते ओंडके घेऊन इद्रियाच्या दिशेनें धांवे. वाटेंत अडकलेलीं लांकडें आंकड्यांनीं सोडविणारीं माणसें कांठाकांठानें धांवत असत. त्या कामांत पाय घसरला तर काय होई, हें सांगावयास नको. खालीं गांवाशीं नदींत सुमारें ४०० मीटर लांबीचें एक लांकडी कुंपण घातलेलें असे. त्याला ते ‘दांताळें’ या अर्थाच्या शब्दानें ओळखीत. पाणी त्यांतून निसटे, लांकूड मागें राही. मग तें बाहेर काढून सुकवावयाचें आणि भट्टीला घालावयाचें. हीच नदी पाटानें वळवून खाणींतलें पाणी उपसण्याचें चाकही तिच्यावर फिरवीत. १७९० सालीं बसविलेलें १३·६ मीटर व्यासाचें तें लांकडी चाक १९४८ पर्यंत चाललें.

इतकें कौतुक सांगितल्यावर भट्टीच्या दुसऱ्या बाजूस काय होतें, तेंही सांगितलें पाहिजे. खाणीचा वैद्य जोव्हान्नी स्कोपोली यानें १७६१ सालीं इद्रियाच्या पाऱ्यावर ग्रंथ लिहिला, त्यांत खाणकऱ्यांच्या व्याधीचेंही विवेचन आहे. पाऱ्याच्या वाफेनें हात थरथरतात, तोंडाला लाळ सुटते, दांत हलूं लागतात. कांहींना घांस तोंडापर्यंत नेणेंही कठीण होतें. अशा घरांतील बायका लेस विणून संसाराला हातभार लावीत. १८७६ सालीं तेथें लेस विणण्याची शाळाही निघाली, आणि इद्रियाची लेस पुढें पाऱ्याइतकीच नांवाजली.

शेवटचीं लांकडें १९२६ सालीं सुटलीं; तेव्हां हा मुलूख इटलीच्या ताब्यांत होता. पुढें रस्ते झाले, मोटारी आल्या, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस खाणही बंद पडली. २०१२ सालीं युनेस्कोनें इद्रिया व आल्मादेन यांना मिळून जागतिक वारशांत स्थान दिलें. धरणें उभीं आहेत. त्यांच्या दरवाजांतून ओढे मोकळे वाहतात.

परंतु नदीच्या अंगावरचें ओझें मात्र उतरलेलें नाहीं. भट्टींतून निघालेला राखेसारखा गाळसाळ शतकानुशतकें त्याच इद्रिइत्सेच्या कांठीं व पात्रांत टाकला गेला, आणि त्यांत न निघालेला पारा राहून गेला होता. लांकडें वरून आणणारी नदी हा गाळ खालीं नेत राहिली: इद्रिइत्सेंतून सोचा नदींत, आणि सोचा नदींतून त्रिएस्तच्या आखातांत. आजही मोठा पूर आला म्हणजे कांठचा जुना गाळ सुटतो आणि पारा पुढें समुद्राकडे सरकतो. आखाताच्या तळचा चिखल आणि तेथील मासे शास्त्रज्ञ अजून तपासून पाहत असतात.